एकोणीस मिनिटं, त्यातली अकरा गप्प

आमच्या वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर ज्या बसतात, त्यांना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो. इमारतीत आणखी चार बायका काम करतात, पण त्यांना नावाने हाक मारतात. पुढेमागे काही न लावता 'बाई' म्हटलं की ती खिडकीच.

बाई इथे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. कोणी तरी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती, तिच्या जागी. ती काही परत आली नाही. ज्या बाळामुळे ही जागा रिकामी झाली, ते आता रोज दाढी करतं. 'आणि मी अजून बदलीवरच आहे,' असं बाई कधीमधी सांगतात.

खिडकी म्हणजे काचेच्या पडद्याला खाली अर्धगोल भोक. आत बाई, त्यांच्या उजव्या हाताशी तारखेचा शिक्का, डाव्या मनगटावर बांगड्यांच्या जोडीला आठदहा रबरबँडं. आमच्यापैकी कोणाचंही पूर्ण नाव त्यांना चटकन सांगता येणार नाही, पण कोण काय वाचतो हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. मी चौदा वर्षांपूर्वी एका जाड कादंबरीचा दुसरा खंड आधी नेला आणि पहिला नंतर. आजही मी खिडकीत वाकलो की बाई म्हणतात, "या, उलटे वाचणारे." एका आजींना रडका शेवट सोसत नाही. त्या पुस्तक पुढे करतात, बाई ते न उघडताच मान आडवी हलवतात, आजी निमूटपणे दुसरं घेऊन येतात. वीस वर्षं हा व्यवहार चालू आहे आणि आजी अजून एकदाही रडलेल्या नाहीत.

अशा या वाचनालयात नवी पद्धत आली. कार्डांचे लाकडी खण गेले, जाड नोंदवह्या गेल्या. आता पुस्तक शोधायचं, राखून ठेवायचं, मुदत वाढवून घ्यायची, सगळं फोनवर. तेवढ्यावर थांबलं असतं तरी आम्ही कुरकुरत का होईना जगलो असतो. पण फळ्यावर सूचना लागली: 'प्रत्येक सभासदाने महिनाअखेरपर्यंत आपले खाते स्वतः उघडावे. न उघडल्यास नाव कमी करण्यात येईल.' स्वतः म्हणजे स्वतः. फोनवर आकडा येतो, तो तिथल्या तिथे भरावा लागतो. बाईंनी आत बसून कोणाचं परस्पर करून टाकावं अशी सोयच नव्हती.

ज्यांचे अंगठे फोनवरच वाढले ते सभासद चार दिवसांत मोकळे झाले. उरले तीनशे सव्वीस. चष्मेवाले, गुडघेवाले, 'मला ते जमत नाही हो' वाले. त्यांत मीही.

ज्यांनी ही नवी पद्धत विकली त्यांनी सोबत शिकवणीचा व्हिडिओही दिला होता. त्यातल्या मुलीचा आवाज फार गोड होता, पण लिफ्टमध्ये मजले सांगतात तसा. तिचं बोट कुठेच अडत नव्हतं. तिला आकडा मागितला की लगेच यायचा, तिचा पासवर्ड पहिल्या फटक्यात पास व्हायचा. आम्ही तो व्हिडिओ दोनदोनदा पाहिला आणि आमची खात्री पटली की ही सोय तिच्यासाठीच केलेली आहे.

मग सगळे खिडकीवर. बाई एकेकाला समोर बसवून करून घ्यायला लागल्या. एका माणसाला पंचवीस मिनिटं. त्यातली सात चष्मा सापडेपर्यंत. बाईंनी रद्दी कागदाच्या मागे हिशेब मांडला. कामाचे दिवस अठरा. देवघेव पूर्ण बंद ठेवली, पाणी प्यायलासुद्धा उठलं नाही, तरी अडतीस माणसं उरतातच. शिवाय निम्मे लोक जिने चढून येऊच शकत नाहीत.

कागद घेऊन त्या चिटणीसांकडे गेल्या. आमचे चिटणीस वेळेचे पक्के. चहासुद्धा उभ्याने पितात. त्यांनी कागदावर नजर फिरवली.

"बाई, थोडी गळती होणारच. कुठेही होते."

"साहेब, ही गळती नाही. माणसं आहेत."

"तसं नव्हे हो. पण हीच मंडळी पुस्तकं उशिरा आणतात, हेही खरं ना?"

"उशिरा आणतात, पण वाचून आणतात," बाई म्हणाल्या. "माझ्या यादीतलं एक नाव जाणार नाही."

"बघू," चिटणीस म्हणाले. चिटणीसांचं 'बघू' म्हणजे पुढचा विषय.

बाई बोलून बसल्या खऱ्या, पण कसं करायचं हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे संगणकवाले येतात. पन्नाशीचे गृहस्थ, अर्धी वाक्यं खाऊन बोलतात. बाईंनी त्यांना गाठलं.

"मी इथे जे बटण दाबते, ते लोकांना घरी दिसलं तर?"

"सोपं. हे लाल टिंब. दाबलं की स्क्रीनवर कराल ते सगळं... आवाजासकट. परत दाबलं की... बंद."

"आणि चुकले तर?"

"पुसायचं. परत."

एवढ्या शिदोरीवर बाईंनी काम सुरू केलं. दुपारी एक ते दोन वाचनालय बंद असतं. त्या वेळात पुस्तकबांधणीच्या खोलीत, खळीच्या डब्याशेजारी संगणक ठेवून त्यांनी पहिला व्हिडिओ केला आणि संध्याकाळी घरी दाखवला.

घरी प्रेक्षक दोन. यजमान शिंपी आहेत, पुढच्या खोलीतच दुकान. दुसरी नणंद, निवृत्त परिचारिका. तिने आयुष्यभर 'काही दुखणार नाही' असं सांगत लोकांना टोचलं. नोकरी संपली, सवय जिभेवर राहिली.

व्हिडिओ सुरू झाला. "नमस्कार. प्रस्तुत चित्रफितीद्वारे आपण सभासदत्वाच्या नूतनीकरणाची प्रक्रिया क्रमाक्रमाने समजून घेणार आहोत..."

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "कोण गेलं?"

"कोण गेलं म्हणजे?"

"नाही, आवाजावरून वाटलं."

बाईंनी तिथल्या तिथे पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीत बोलतात तसंच बोलायचं ठरवलं. "हं, बसा. चष्मा घेतला? नसेल तर आणा, मी कुठे जात नाही. आता हे हिरवं बटण दिसतंय ना, ते दाबा. लाल नाही. लाल दाबलं की सगळं पहिल्यापासून, मग माझ्या नावाने ओरडाल." हा नणंदेच्या परीक्षेत पास झाला. संगणकवाल्यांनी तो तीनशे सव्वीस फोनांवर पाठवून दिला.

तासाभरात खिडकीतला फोन वाजायला लागला.

"बाई, तुम्ही बोलता बोलता एकदम गप्प झालात. रागावलात का?"

"कधी हो?"

"तुम्ही म्हणालात दाबा. मी दाबलं. तुम्ही गप्प. परत दाबलं तर परत बोलायला लागलात. तुम्ही 'दाबा' म्हणता आणि मी दाबलं की तोंड मिटता, हा काय प्रकार आहे?"

प्रकार असा होता की मंडळी व्हिडिओतलंच बटण दाबत होती. चित्रातलं. ते दाबलं की व्हिडिओ थांबायचा, आणि बाई तोंड अर्धवट उघडल्यासारख्या शब्दाच्या मध्यावर अडकायच्या. एका आजोबांनी त्यांना अकरा वेळा थांबवून अकरा वेळा सुरू केलं होतं. हे कळवणारा पहिला गृहस्थ कोण, याची चौकशी वाचकांनी करू नये. मी उलटा वाचतो, हे वर सांगितलंच आहे.

बाईंनी कपाळाला हात लावला नाही. त्यांनी व्हिडिओच्या सुरुवातीला भर घातली: "दोन फोन घ्या. एकावर मी, दुसऱ्यावर तुम्ही. माझ्या फोनला हात लावायचा नाही. घरात एकच फोन असला तर शेजारी मागा. मागायला लाज कसली, साखर मागतोच ना?"

या दोन फोनांनी गावभर भलतेच चमत्कार केले. माझ्या घरी बायकोने तिचा फोन माझ्यासमोर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, आणि मी चुकतो कुठे हे बघायला खुर्ची ओढून बसली. लग्नानंतर इतक्या एकाग्रतेने तिने माझ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. आठ महिने बोलणं बंद असलेल्या दोन जावा एका पलंगावर बसल्या, कारण एकीला खातं उघडायचं होतं आणि दुसरीकडे फोन होता.

तरीही आठवड्याच्या शेवटी यादीतली फक्त एक्केचाळीस नावं झाली होती. आता तक्रार निराळी. बाई सहाव्या पायरीवर आणि मंडळी दुसऱ्या. मागे नेऊन परत लावायला जावं तर व्हिडिओ पार सुरुवातीला, 'चष्मा घेतला?' इथे.

त्या संध्याकाळी यजमानांनी तो व्हिडिओ पहिल्यांदा नीट पाहिला. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या काढून म्हणाले, "चांगला आहे. कोणाच्या मापाचा आहे?"

"मापाचा म्हणजे?"

"अगं, हा तू तुझ्या मापाचा बेतलायस. घालणार कोण?"

"तीनशे माणसं घालणार. तीनशेंची मापं कशी घेऊ?"

"सगळ्यात मोठ्याचं घे. ढगळ झालं तर माणूस बाही दुमडून वापरतो. तंग झालं तर घरी टांगून ठेवतो."

बाईंच्या डोक्यात हे बसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीत माणसं मोजायला घेतली. जो कोणी खातं उघडायला येईल त्याला समोर बसवायचं आणि प्रत्येक पायरीला त्याला किती वेळ लागतो ते ओठांतल्या ओठांत मोजायचं. एक, दोन, तीन. कोणाला वाटलं बाई जप करतात. नाव लिहायला वीस. सभासद क्रमांक शोधायला चाळीस, कारण तो पाकिटात असतो आणि पाकीट पिशवीत असतं. सगळ्यात मोठं माप निघालं निवृत्त हेडमास्तरांचं. जन्मभर वर्गात 'चटचट लिहा, चटचट' म्हणून ओरडलेला माणूस, पण पासवर्ड लिहिताना एकेका अक्षरासाठी बोट सगळ्या कळफलकावरून फिरवून आणायचे, ते खाली टेकवण्याआधी शुद्धलेखन तपासायचे. मोजता मोजता बाई दोनशे दहावर गेल्या.

दोनशे दहा तर दोनशे दहा. बाईंनी नवा व्हिडिओ हेडमास्तरांच्या मापाने बेतला. प्रत्येक पायरी सांगायची, बाण त्या बटणावर नेऊन ठेवायचा, "आता मी थांबते, तुम्ही करा" म्हणायचं, आणि खरोखर थांबायचं. त्या गप्पपणात पंखा ऐकू येई. बांधणीवाले काका पुस्तकाच्या पाठीवर हातोडी ठोकत ते ऐकू येई. एकदा बाई चहाचा घोट घेतात, तोही ऐकू येतो. मधेच एखादं वाक्य: "नाही सापडलं? डाव्या कोपऱ्यात बघा. मला घाई नाही." मग पुन्हा पंखा. सगळा मिळून एकोणीस मिनिटांचा. त्यातली अकरा बाई गप्प.

आणि गाडी चालू लागली. चार दिवसांत नव्वद नावं. लोक व्हिडिओशी बोलायला लागले. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ "हो, दाबलं, दाबलं बाई, पुढे सांगा" असं फोनला सांगताना मी जिन्यातून ऐकलं आहे. वाचनकक्षाच्या दाराआड बाईंनी यादी चिकटवली होती. खातं उघडलं की त्या नावावर तारखेचा शिक्का. ठप्प. येणारा-जाणारा आधी यादी बघायचा, मग वर्तमानपत्र.

इथे चिटणीसांनी तो व्हिडिओ पाहिला.

"बाई, एकोणीस मिनिटं?"

"हो साहेब."

"त्यातली अकरा मिनिटं तुम्ही काहीच बोलत नाही!"

"त्या वेळात ते करतात."

"बाई, लोकांना वेळ नसतो. मी आठ मिनिटांत बसवतो." आणि त्यांनी संगणकवाल्यांकडून सगळ्या गप्पा छाटून घेतल्या. म्हणजे बोलणं ठेवलं, गप्प बसणं काढलं. वर थोडं संगीत टाकलं. तो उरलेल्या एकशे पंच्याण्णव जणांना पाठवला, आणि खाली 'शंका असल्यास' म्हणून मोठ्या विश्वासाने स्वतःचा नंबर दिला.

त्या दिवशी दोन खाती उघडली आणि चिटणीसांना चौसष्ट फोन आले.

"तुमच्या बाईंना धाप लागलीय का हो? श्वासच घेत नाहीत."

"अहो, त्यांच्या मागे कोणी लागलंय का? घरी सगळं ठीक आहे ना त्यांच्या?"

रडके शेवट न वाचणाऱ्या आजींनी तर डबा घेऊन यायची तयारी केली. त्यांना वाटलं, बाईंना ताप भरला असावा, त्या भरात बोलतायत.

दुसऱ्या दिवशी आणखी पन्नास फोन. तिसऱ्या दिवशी सकाळी चिटणीस खिडकीपाशी आले. विशेष म्हणजे रांगेत उभे राहिले. पुढे तिघे होते, त्यांची देवघेव होऊ दिली. मग अर्धगोल भोकात वाकून म्हणाले, "बाई, ती तुमची... गप्प बसलेली फीत परत पाठवा."

"सगळी? अकरा मिनिटंसुद्धा?"

"अकराच्या अकरा."

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांना गप्प बसण्याचा सराव झाला होता. पण मी मागेच उभा होतो. त्यांनी पुढच्या पुस्तकावर शिक्का असा हाणला की टेबलावरच्या टाचण्या उडाल्या.

मग यादी शिक्क्यांनी भराभर निळी होत गेली. एकशे वीस उरले. साठ. सतरा. हेडमास्तर स्वतःचं झालं तरी रोज येऊन यादीपुढे उभे राहत आणि न झालेल्यांना घरी जाऊन हजेरी घेतल्यासारखे विचारत, "अजून का नाही?" माझ्या नावावर शिक्का पडला तेव्हा बाई म्हणाल्या, "उलटे वाचणारे सुलटे झाले." शेवटच्या दिवशी सकाळी यादीत एकच नाव पांढरं होतं.

ते बँडमास्तरांचं. आयुष्य वाजंत्र्यांपुढे उभं राहण्यात गेलं, आणि त्यातच कान गेले. आता काहीच ऐकू येत नाही. जहाजांची प्रवासवर्णनं तेवढी वाचतात, दुसरं पुस्तक हातात धरत नाहीत. गुडघ्याच्या उपचारासाठी ते महिनाभर दुसऱ्या गावी बहिणीकडे गेले होते. बाईंनी तिथे फोन लावला. बहिणीने उचलला.

"त्याला ऐकू येत नाही आणि मला दिसत नाही," बहीण म्हणाली. "मोतीबिंदू. दोघं मिळून कसाबसा एक माणूस होतो बघा."

"शेजारी कोणी?"

"सगळे लग्नाला गेलेत. परवा येतील."

"परवा नाही चालणार हो. आज पाच वाजता यादी बंद होते. त्यांच्याकडे फोन आहे ना? आणि तुमचा हा?"

"आहेत. पण तुमचा व्हिडिओ लावून दिला होता त्याला. तो म्हणतो, बाण एका जागी बसून राहतो, बिघडलाय."

बाईंनी फोन ठेवला. त्यांच्या एकोणीस मिनिटांतली आठ मिनिटं बोलण्याची होती, ती त्या माणसाला पोचणारच नव्हती. अकरा गप्प मिनिटं पोचत होती, पण नुसती. संगणकवाले म्हणाले, "खाली अक्षरं टाकू... पण वेळ... आणि फोनवर मुंगीएवढी." चिटणीस तिथेच येरझाऱ्या घालत होते. ते म्हणाले, "बाई, तीनशे पंचवीस झाले. हे काय कमी आहे? मी मंडळाला अभिमानाने सांगेन."

"तीनशे सव्वीस सांगा," बाई म्हणाल्या आणि एकच्या ठोक्याला बांधणीच्या खोलीत गेल्या.

बांधणीवाले काका हातोडी खाली ठेवून उठायला लागले. "रेकॉर्डिंग आहे ना? मी बाहेर बसतो."

"बसा आणि खुशाल ठोका. आज आवाज नाहीच."

बाईंनी लाल टिंब दाबलं आणि तोंड मिटून घेतलं. आता जे काही बोलायचं ते बाणाने. हिरव्या बटणाभोवती बाण तीनदा गोल फिरला: हे. लाल बटणावर जाऊन डावीउजवीकडे हलला, मान हलवतात तसा: हे नाही. परत हिरव्यावर आला, वरखाली झाला: हेच. मग थोडा वर उचलून अधांतरी थांबला, आणि खाली आला: आता. जिथे लिहायचं तिथे बाण ओळीच्या सुरुवातीला बसून राहिला, पण मेल्यासारखा नाही. जरा जरा हलत, वाट बघणाऱ्या माणसाच्या पायासारखा. पहिल्या खेपेला बाण बटणावरून घसरला, तो व्हिडिओ पुसला. दुसऱ्या खेपेला मुळीच नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी व्हिडिओ बहिणीच्या फोनवर गेला.

मग नुसती वाट. तीन वाजले. साडेतीन. यादीपुढे सातआठ जण उगाच रेंगाळत होतो. सव्वाचारला चिटणीस येऊन खिडकीशेजारच्या स्टुलावर बसले. हा माणूस बसू शकतो हे त्या दिवशी कळलं. बाई देवघेव करत होत्या, पण शिक्के वाकडे पडत होते.

चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी बाईंच्या संगणकावर एक ओळ हलली.

"झालं," बाई म्हणाल्या. फार हळू म्हणाल्या. मग उठल्या, शिक्का शाईच्या गादीवर दोनदा दाबला, दाराआड गेल्या आणि शेवटच्या पांढऱ्या नावावर तो मारला. ठप्प.

चिटणीसांनी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिलं: 'नव्या पद्धतीत दाखल: सर्व. कमी झालेली नावे: शून्य.' शून्याखाली दोन रेघा मारल्या. मग जरा विचार करून तिसरी.

तिकडे काय घडलं ते बहिणीने नंतर फोनवर सांगितलं. ती फोन छातीशी दोन्ही हातांनी धरून त्याच्यासमोर बसली, बँडवाले सुरांचा कागद ठेवतात त्या घोडीसारखी. तिला काही दिसत नव्हतं, पण भावाचा पाय जमिनीवर ताल धरतोय हे तिला ऐकू आलं. बँडमास्तरांनी आधी सगळा व्हिडिओ एकदा पाहिला, काहीही न दाबता. मग बहिणीच्या हातावर थाप मारून खूण केली, पहिल्यापासून. आणि एका दमात, कुठेही न चुकता, शेवटपर्यंत वाजवला. सगळं झाल्यावर म्हणाले, "या बाईंचा हात चांगला आहे. 'आता' द्यायच्या आधी श्वास घेतात. माझ्या पोरांना हे शिकवता शिकवता जन्म गेला."

बाईंना कोणी तरी हे सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःचा उजवा हात वळवून पाहिला, जणू तो नवीनच आणून दिलाय.

पुढच्या आठवड्यात बँडमास्तर परतले आणि काठी टेकत वाचनालयात आले. यायची काही गरज नव्हती. जहाजाचं पुस्तक त्यांनी फोनवरच राखून ठेवलं होतं. पण आले, फळ्यापुढे उभे राहिले, शून्य वाचलं, आणि खिडकीकडे वळले. हेडमास्तर मोठ्याने म्हणाले, "हेच ते तीनशे सव्विसावे!" आणि कोणी तरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळा वाचनकक्ष उभा राहिला. टाळ्या बाईंसाठी होत्या हे न सांगताच सगळ्यांना कळत होतं. फक्त बाईंना कळत नव्हतं. त्या खाली मान घालून एका पुस्तकाला तिसऱ्यांदा रबरबँड लावत होत्या.

बँडमास्तरांना ऐकू काही येत नव्हतं, पण दिसत होतं. शंभर हात वेगवेगळ्या वेळी आपटतायत, कोणाचा कोणाला मेळ नाही, चिटणीस तर सगळ्यांच्या मागून. हे त्या माणसाला सोसवेना. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, खिडकीच्या भोकातून हात घालून बाईंची पेन्सिल उचलली आणि आमच्याकडे तोंड करून ती वर धरली. आम्ही थबकलो. त्यांनी श्वास घेतला. पेन्सिल खाली आली, आणि सगळा कक्ष एका टाळीत वाजला. पुन्हा. पुन्हा. डाव्या हाताने त्यांनी आम्हाला वाढवत नेलं, जाड, आणखी जाड, खिडकीची काच थरथरेपर्यंत. मग टाळ्या चालू ठेवून ते अर्धे वळले आणि मोकळा हात खिडकीकडे केला, तळवा वर. ज्याने मुख्य वाजवलं त्याला उभं करतात, तसा.

बाई उभ्या राहिल्या.

बँडमास्तरांनी पेन्सिल हवेत गोल फिरवली, मूठ मिटली, आणि आम्ही सगळे एका क्षणी थांबलो. चिटणीससुद्धा.